बहिणीला सांगा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या

मी बोलायला कमी नाही, हे आधीच सांगून टाकते. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात साहेबांना तोंडावर सुनावणारी बाई म्हणून माझं नाव आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी माझ्याकडे एकदा बघून मगच विषय मांडतो. पण ही एक गोष्ट — ही मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला नाही, कुणालाच नाही. देवापुढे हात जोडून उभी असताना ती मनात यायला लागली की मी पटकन दुसरं काहीतरी मागते — सगळ्यांची तब्येत, निनादचे मार्क, काहीही — आणि घंटा वाजवून बाहेर येते. आता तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

कुठून सुरुवात करू? निनादपासूनच करते. निनाद माझा मुलगा. आता सातवीला आहे, उंच झालाय, सीवूड्सच्या ग्राउंडवर संध्याकाळी क्रिकेट खेळतो आणि घरी आला की मोजे सोफ्यावर टाकतो. बघून कुणाला वाटणार नाही की याच्या अंगात जन्मापासून अँटीबॉडीच बनत नाहीत. तुमच्या-माझ्या रक्तात त्या आपोआप तयार होतात, आलेल्या जंतूला ओळखतात, परतवून लावतात. त्याच्या रक्तात नाहीत. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी आम्ही हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये जातो. लोकांनी दान केलेल्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी — इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात त्याला — थेंबथेंब त्याच्या शिरेत सोडतात. सकाळी गेलं की दुपार होते. कधी डोकं दुखतं, कधी थंडी वाजते, मग सिस्टर ड्रिप हळू करतात. हे जन्मभर चालायचं. पण हे केलं की तो बाकीच्यांसारखाच. माझ्या मुलाचं निदान वेळेत झालं. तो अडीच वर्षांचा होता तेव्हा. हे वाक्य लक्षात ठेवा — वेळेत झालं.

निदान होण्याआधी त्याचे कान वाहायचे. एकदा दूध पाजताना तो वास आला. तो वास मला ठाऊक होता. लहानपणी आमच्या गावच्या घरात — रोह्याच्या पलीकडे आमचं गाव — माझ्या भावाचे कान पुसायचं काम माझ्याकडे होतं. अभय त्याचं नाव. सतत ताप, सतत खोकला, कानात कापसाचे बोळे. सहा वर्षांचा होऊन गेला. त्याच्याआधी माझा एक मामा असाच गेलेला, मी त्याला पाहिलंही नाही. आई म्हणायची, "आमच्यात पोरगे टिकत नाहीत गो," आणि देवाला नारळ ठेवायची. नंतर बाबांना तुर्भ्याला कारखान्यात नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, आणि अभयचं नाव गावातच राहिलं. माझी धाकटी बहीण मनीषा — आमची मनी — तेव्हा पाळण्यात होती. तिला एवढंच सांगितलं गेलं की एक भाऊ झाला होता, तान्हा असतानाच गेला.

आणि माझं लग्न ठरताना तेवढंही सांगितलं नाही. "दोघी बहिणीच," असं सांगितलं. पाहुणे येण्याआधी आईने मला आतल्या खोलीत घेऊन बजावलं होतं, भावाचा विषय काढायचा नाही. तुम्ही म्हणाल, मग आईचंच चुकलं. नाही. आई चौथी शिकलेली, तिला तो देवाचा कोप वाटत होता, आणि मुलीचं लग्न मोडू नये एवढीच तिची धडपड होती. मला मात्र सगळं समजावून सांगितलं गेलं होतं — खुर्चीवर बसवून, कागदावर चित्र काढून. आईवर ढकलायचं असतं तर हे लिहायला बसलेच नसते.

निनादला घेऊन आम्ही त्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा प्रमोद, माझा नवरा, आणि सासूबाई, दोघंही बरोबर होते. डॉक्टर मध्यमवयीन, शांत, एकेक शब्द नीट उच्चारणाऱ्या. त्यांनी विचारलं, "याला मामा आहेत?" मी म्हटलं, नाही. "होते का कुणी? लहानपणी गेलेले?" सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. आदल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, आमच्या घराण्यात असलं काही नाही बाई. मी म्हटलं, नाही. कुणीच नाही.

किती सोपं गेलं ते! सहा वर्षांचा भाऊ, ज्याच्या कानातला पू मी पुसला, तो मी एका शब्दात पुसून टाकला. पण हासुद्धा तो गुन्हा नाही, ज्यासाठी मी बसलेय. त्या खोटेपणाने निनादचं काही बिघडलं नाही — डॉक्टर हुशार होत्या, त्यांनी रक्त तपासायला लावलंच आणि सगळं समोर आलं.

मग त्यांनी माझीही तपासणी करून घेतली. रिपोर्ट कळायच्या दिवशी मी मुद्दाम एकटी गेले, ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून. डॉक्टरांनी कागदावर गोल काढले, चौकोन काढले. हा दोष आईकडून येतो, म्हणाल्या. आईला काही होत नाही, मुलीला काही होत नाही, त्या नुसत्या पुढे नेतात. मुलगा झाला तर त्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. "तुमच्याकडून आलाय," त्या म्हणाल्या, अगदी हळू, माझ्या हातावर हात ठेवून. "यात तुमची काही चूक नाही." आणि मग विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?"

आहे, म्हटलं. लग्न झालंय. पाचवा महिना चालू आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवू शकते. बहिणीला सांगा. आजच सांगा. तिचीही तपासणी करू. मुलगा झाला तर जन्मल्याबरोबर त्याचं रक्त तपासायचं. पहिले काही महिने आईकडून मिळालेल्या अँटीबॉडी त्याला सांभाळतील, त्या संपायच्या आत उपचार सुरू केले तर त्याचं काहीही बिघडणार नाही. आणि रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत — त्यात जिवंत विषाणू असतो, दुबळा केलेला. बाकीच्या मुलांना तो वाचवतो, पण अशा मुलाच्या अंगात तो ठाण मांडून बसू शकतो, क्वचित पाय लुळे करू शकतो. त्याला इंजेक्शनवाली लस द्यायची. "सांगाल ना?" मी म्हटलं, हो डॉक्टर, घरी गेल्या गेल्या.

घरी गेल्यावर मी प्रमोदला सांगितलं की काही मुलांमध्ये हे आपोआपच होतं, कुणाकडून येत नाही. हेही डॉक्टरांचंच वाक्य होतं — काही मुलांमध्ये खरंच तसं होतं. मी फक्त ते आमच्यावर चिकटवलं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. आणि त्या सुस्काऱ्यातच मनीचं दार माझ्यासाठी बंद झालं. कारण मनीला सांगायचं म्हणजे आईला सांगायचं, मनीच्या सासरी कळायचं, तिकडून इकडे यायचं — आणि मग अभय बाहेर यायचा. सून खोटं बोलून घरात आली, आणि नातवाला आजार घेऊन आली. हे ऐकायची माझी हिंमत नव्हती. मी — साहेबाला सुनावणारी!

मी हिशोब मांडत बसले. मनीच्या अंगात हा दोष असेलच असं नाही, निम्मी शक्यता. असलाच तर मुलगाच होईल असं नाही, पुन्हा निम्मी. मुलगा झाला तरी त्याच्यात उतरेलच असं नाही, पुन्हा निम्मी. रुपयातले दोन आणे फक्त! दोन आण्यांसाठी कशाला सगळ्यांच्या डोक्याला ताप? सुटेल की. लोकांना लॉटरी लागत नाही, तसं हेही लागणार नाही. असं रोज स्वतःला समजवायचं आणि उद्या सांगू म्हणायचं.

मग सातव्या महिन्यात मनीचं डोहाळेजेवण आलं. तिचं सासर तुर्भ्याला, नवऱ्याचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप घराजवळच. माणसं साधी, मोकळी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, मनी दिसत होती म्हणजे काय सांगू! मोठी बहीण म्हणून वाट्या मांडायचं काम माझ्याकडे. तुम्हाला माहीतच असेल — दोन वाट्या उपड्या घालतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, आणि जिची ओटी भरायची तिने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हसायचा खेळ.

मी स्वयंपाकघरात वाट्या पुसत होते आणि मनी आत आली. दार लोटून घेतलं तिने. म्हणाली, "ताई, एक विचारू? निनादला जे झालंय ते आपल्यात आहे का गं? म्हणजे माझ्या बाळाला..."

बघा. मला तर सुरुवातही करायची नव्हती. तिनेच विचारलं. देवाने ताटात वाढून दिलं म्हणा ना! फक्त "हो" म्हणायचं होतं. मी तिच्या केसांतला गजरा सारखा केला आणि म्हटलं, "वेडी आहेस का? मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलंय. तसलं काही नाही. उगाच टेन्शन घेऊ नकोस." ती हसली. केवढी हलकी झाली! माझ्या गळ्यात पडली आणि बाहेर गेली.

आणि मग मी काय केलं माहितेय? दोन्ही वाट्यांखाली बर्फी ठेवली.

हो. हसू येतं ना? मलाही येतं. पदवीधर बाई मी, सरकारी नोकरीतली, बायकांच्या बडबडीत दोन्हीकडे बर्फी ठेवून ताट बाहेर घेऊन गेले. मनीने डावीकडची वाटी उचलली, सगळ्या ओरडल्या, मुलगी गं मुलगी! दुसऱ्या वाटीला कुणी हात लावायच्या आत मी ती स्वतःच उचलली आणि त्याखालची बर्फी तोंडात टाकली. आणि खरं सांगते — त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. जसं काही मी बंदोबस्त केला होता. आता मुलगीच होणार, आणि मला कुणालाच काही सांगायची गरज नाही. असं माणूस स्वतःला फसवू शकतं? शकतं. मी केलंय.

मुलगा झाला. ओजस. ऑफिसात पेढे वाटले मी, आणि प्रत्येकाला हसून सांगितलं, मावशी झाले. जन्मल्याबरोबर हॉस्पिटलात त्याला पोलिओचा पहिला डोस मिळाला, सगळ्यांना मिळतो तसा. मी तिथे नव्हते. पुढचेही मिळाले असतील. मी तेव्हाही नव्हते. मी नव्हते ना तिथे, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. पण एकदा मी होते.

आता येते त्यावर. इथपर्यंत मी नुसती घिरट्या घालत होते, तुमच्याही लक्षात आलं असेल.

पल्स पोलिओचा रविवार होता. ओजस सात-आठ महिन्यांचा, नुकता बसायला लागलेला, अंगाने गुटगुटीत. म्हणजे आईकडून आलेल्या अँटीबॉडी संपायच्या बेताला आलेल्या — हे मला माहीत होतं, त्या घरात फक्त मला. मी मनीकडे गेले होते. तिच्याकडे पाहुणे जेवायला, ती पुऱ्या तळत होती. मला म्हणाली, "ताई, बूथ कोपऱ्यावरच आहे, याला घेऊन जा ना जरा, थेंब पाजून आण." मी त्याला कडेवर घेतलं. खाली उतरले. ट्रक उभे असतात त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मंडप टाकलेला, पिवळा बॅनर, टेबलावर बर्फाचा डबा, दोन बायका. पुढे पाच-सहा जणी पोरांना घेऊन उभ्या. मी रांगेत उभी राहिले. ओजस माझ्या मंगळसूत्राशी खेळत होता.

तुम्ही म्हणाल, मागे फिरायचं होतं. मला कळत नव्हतं का? त्याला घेऊन गल्लीला एक चक्कर मारायची आणि वर जाऊन सांगायचं, पाजले. कुणाला कळणार होतं? पण थेंब पाजले की बाळाच्या करंगळीला शाई लावतात. मनी बघणार. शाई नाही म्हटल्यावर विचारणार, का गं? आणि मग मला उत्तर द्यावं लागलं असतं. एवढंच. त्या शाईच्या ठिपक्याचा प्रश्न टाळायला मी रांगेत पुढे सरकले. बूथवरच्या बाईने विचारलं, "बाळ आजारी वगैरे नाही ना, ताई?" मी म्हटलं, नाही, एकदम छान आहे. मी त्याचे गाल धरले, तिने दोन थेंब टाकले, त्याने ओठ चाटले. शाई लावली. मी त्याची करंगळी धरून वर आले आणि मनीला दाखवली.

ही ती गोष्ट. पोलिओचे थेंब चांगलेच आहेत, लाखो पोरं त्यांनी सावरली आहेत, माझं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण या एका मुलाला ते द्यायचे नव्हते, निदान तपासल्याशिवाय नव्हते, हे ज्या एका बाईला माहीत होतं, तिनेच त्याचं तोंड उघडून धरलं.

त्यानंतर काही महिने मी कुठलंही निमित्त काढून मनीकडे जायचे. मावशीची किती माया, सगळे म्हणायचे. मी जायचे ती ओजसचे पाय बघायला. त्याला पलंगावर ठेवायचं, तळव्यांना गुदगुल्या करायच्या, दोन्ही पाय झाडतोय का बघायचं. तो खदाखदा हसायचा. पाय चांगले होते. पाय आजही चांगले आहेत. थेंबांनी काही केलं नाही, आणि त्याबद्दल मी कुणाचे आभार मानायचे तेही मला कळत नाही. माझे तर नाहीतच.

पण आजार तर त्याच्यात होता. दोन आण्यांचा हिशोब मनीवरच फिरला. वर्षाच्या आत कान फुटला. मग छाती भरली. मग पुन्हा छाती. मनी फोन करायची, रडवेली, आणि मी काय म्हणायचे? दमट हवा गं इथली. दात येतायत. एकदा म्हटलं, तुर्भ्यातली धूळ आहे ही, दिवसरात्र ट्रक, त्यात वर्कशॉपचा धूर, पोराला कसा सोसणार? मी ते असंच बोलून गेले, फोन ठेवायचा होता म्हणून. त्यांनी ते मनावर घेतलं. राहतं घर सोडलं, उलव्याला भाड्याने गेले, मनीचा नवरा रोज तिकडून वर्कशॉपला यायला लागला. ताई म्हणाली ना. ताईचा मुलगाही आजारी असतो, तिला कळतं.

तिच्या डॉक्टरांनी विचारलंही होतं म्हणे, घरात कुणाला असं आहे का? तिने निनादचं सांगितलं. आणि लगेच पुढे सांगितलं, पण ताईने विचारलंय, ते घराण्यातलं नाही. माझा शब्द तिने तिथपर्यंत नेला. ते खोटं मी एकदाच बोलले होते, पण ते तिच्याबरोबर प्रत्येक दवाखान्यात जात होतं, आणि मी त्याला थांबवत नव्हते. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला सांगू. आणि प्रत्येक खेपेला सांगणं आधीपेक्षा अवघड झालेलं असायचं. आता सांगितलं तर ती विचारेल, तेव्हा का नाही? याला मी काय उत्तर देणार होते?

ओजस चौथ्या वर्षात असताना न्यूमोनिया असा झाला की आयसीयूत ठेवावं लागलं. काचेतून दिसायचा. नाकाला नळी, छातीचा भाता चाललेला, आणि बाहेर मनी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. तेव्हा मी म्हटलं, याला आमच्या डॉक्टरांना दाखवू या. हे तरी मी पूर्ण धैर्याने म्हटलं का? नाही. "एकदा दाखवून बघू, काही असेल-नसेल," असं म्हटलं, जणू मला आत्ताच सुचलं.

रक्त तपासलं. जे यायचं होतं तेच आलं. स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग कायमचा खराब झालेला दिसला — श्वासनळ्या तिथे रुंद होऊन बसल्यात, त्यात कफ साचतो, आणि त्या पुन्हा पूर्वीसारख्या होत नाहीत. एका कानाला कमी ऐकू येतं. इम्युनोग्लोब्युलिन लगेच सुरू झालं. पण औषध पुढचं वाचवतं, डॉक्टर म्हणाल्या, मागचं परत आणत नाही.

त्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये मी मनीच्या शेजारी बसले होते. डॉक्टरांनी तोच कागद, तेच गोल-चौकोन काढून तिला सगळं समजावलं. मनी ऐकत राहिली, आणि मग, कुणाला दोष द्यायची सवयच नाही तिला, म्हणाली, "ताईने तेव्हा विचारलं होतं तुम्हाला. पण तेव्हा तुम्हालाही कुठे माहीत होतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होते, पण त्यांनी पाहिलेलं मला कळलं. त्या एका शब्दाने सगळं उघड करू शकत होत्या. त्यांनी खोडून काढलं नाही. म्हणाल्या, "आता पुढचं बघू या." माझा दोष त्यांनी स्वतःच्या अंगावर तसाच राहू दिला, आणि मी तो राहू दिला. तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलतात, निनादबद्दल सगळं विचारतात. पण माझ्या हातावर हात त्यांनी पुन्हा कधी ठेवला नाही.

आणि घरी? ज्याच्या भीतीने मी हे सगळं केलं त्याचं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. दोन बहिणींच्या दोन मुलांना तोच आजार, म्हटल्यावर लपवण्यासारखं काय उरलं? मी अभयचंही सांगून टाकलं. प्रमोद म्हणाला, "अगं, मग आधी बोलायचंस ना." आणि निनादच्या फीचं विचारायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईने पोरगा गमावला आणि एवढी वर्षं बोलली नाही? कशी राहिली गं ती?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला फोन लावला. झालं. एवढंच. ज्या वादळासाठी मी दारंखिडक्या लावून बसले होते ते आलंच नाही. प्रमोदने फक्त एकदा विचारलं, तुला आधी माहीत होतं का, हे तुमच्याकडून येतं ते? मी म्हटलं, नाही रे, मला कसं माहीत असणार? म्हणजे त्या दिवशीही, सगळं संपल्यावरही, मी खोटंच बोलले.

मनी मला देवासारखी मानते. डे-केअरमध्ये नवीन आई आली, घाबरलेली, पोराला छातीशी धरून बसलेली, की मनी तिच्याजवळ जाऊन बसते, पाणी देते, आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "ही माझी ताई. हिने इथे आणलं म्हणून माझा मुलगा वाचला." आणि त्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघतात! मी मान हलवते. काय करणार? मान हलवते. आणि तिच्या पर्समधून निनादसाठी चिवड्याचा डबा निघतो, दर वेळी, न चुकता.

ओजस आता नऊ वर्षांचा आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला पालथं झोपवून पाठ थोपटावी लागते, तळहाताची ओंजळ करून, खालून वर, म्हणजे कफ सुटतो. जिना चढला की थांबतो. फुटबॉलमध्ये त्याला गोलकीपर करतात, कारण पळता येत नाही. मनीची पाठ धरली की हे काम माझ्याकडे येतं. मला ते चांगलं जमतं.

गेल्या रविवारी तो आमच्याकडे होता. निनाद खाली खेळायला गेला होता, खालून त्याचा आवाज येत होता. मी ओजसची पाठ थोपटत होते, मनी समोर बसून भाजी निवडत होती. ओजसने उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "आई, दादाला पण सेम आजार आहे ना? मग त्याला दम कसा लागत नाही?"

मनी म्हणाली, "दादाचं लवकर कळलं, राजा. तुझं आम्हाला उशिरा कळलं."

"उशिरा का कळलं?"

"नाही कळलं वेळेवर. त्यात कुणाची चूक नाही रे."

चूक आहे. माझी आहे. मी तिथेच होते, माझा हात त्याच्या पाठीवर होता, आणि मी बोलले नाही. मी थोपटत राहिले.